बाळंतिणीच्या एकाच पायाची सूज

बाळंतिणीच्या अंगाला तेल लावण्याची आपल्याकडची रीत चांगली आहे, तिने शीण उतरतो. परंतु एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर ती वाताची सूज समजून रगडणे जिवावर बेतू शकते. त्यामागचे कारण पोटरीतल्याच एका सुंदर यंत्रणेत आहे.

स्थिर उभे असताना घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटर असतो, कारण थेट हृदयापर्यंतच्या रक्तस्तंभाचा भार तिच्यावर असतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू आवळून आतल्या शिरा पिळतात व रक्त वर ढकलतात. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, त्यामुळे काही पावलांतच हा दाब सुमारे 30 पर्यंत उतरतो. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी 1628 साली दंडाला पट्टी बांधून, फुगलेली शीर बोटाने दाबून या झडपांचे काम दाखवले. हे स्वतःवरही पाहता येते: हाताच्या ठळक शिरेवर एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त निपटावे. वरची झडप मिटते आणि मधला तुकडा सपाट राहतो, तो खालचे बोट उचलल्यावरच भरतो.

पडून राहिल्यावर हा पंप थांबतो आणि झडपांच्या पाकळ्यांमागे रक्त घोटाळत राहते; तिथला प्राणवायू घटतो आणि गुठळी बहुधा तिथेच धरू लागते. त्यातच गरोदरपणापासून रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते (प्रसूतीतला रक्तस्राव आवरण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी), म्हणून प्रसूतीनंतरचे सहा आठवडे, विशेषतः सिझेरियन झाले असल्यास, अधिक जोखमीचे असतात. रगडल्याने गुठळी सुटली, तर ती हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकते.

दोन्ही पावलांवर संध्याकाळी येऊन सकाळी ओसरणारी सूज बहुधा वेगळी असते, तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी. परंतु एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी सहसा दिसते. शिवणाच्या टेपने गुडघ्याखालच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजाव्यात. 3 सेंटिमीटरहून अधिक फरक डॉक्टर गंभीर मानतात, मात्र फरक कमी भरला म्हणून घरी थांबू नये. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा भोवळ आली, तर टेप शोधत न बसता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.