बांबोळीची वाट आणि ‘बाह्ययंत्रणा’

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यात पेशंट जरा हाताबाहेर गेला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘बांबोळीक न्हेवा.’ बांबोळी गोव्यात, म्हणजे दुसऱ्या राज्यात; तिथे गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. पण हृदयविकार असो, डोक्याला मार असो, अडलेली बाळंतीण असो, दोन पिढ्यांनी ते रुग्णालय आपलंच धरलं. राजापूर-लांज्याच्या माणसाला घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, रायगडच्या माणसाला मुंबई. म्हणून ‘सरकारी दवाखाने खासगीत जाणार’ अशी हाकाटी झाली की कोकणातला माणूस आधी विचारतो, इथे होतं काय ते न्यायला?

तसं काहीच नव्हतं असं नाही. वेंगुर्ल्यात मिशनचं हॉस्पिटल होतं, संस्थानी दवाखाने होते. 1946 च्या भोर समितीच्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना पुढे आली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि पुढे घराची वाटणी झाली. उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय आणि ‘सिव्हिल’ राज्याकडे. केंद्रातला डॉक्टर रजेवर असला तर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला पाठवायचं कुणी, यावर कागद फिरत राहतात.

निधीचं मूळ दुखणं मात्र लोकसंख्येच्या निकषात आहे. सपाटीवर 30,000 लोकांमागे एक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 20,000 मागे एक. कोकणातलं गाव म्हणजे पाच-सात वाड्या, मध्ये एखादा वहाळ, पावसाळ्यात साकवावरून पाणी. डोकी मोजली तर थोडी, चालायचं अंतर मोजलं तर फार. त्यात 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली निघाली. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी येऊन गावं फुगतात, पण त्यांची गणती मुंबईत. उरतात म्हातारी माणसं, म्हणजे नेमकी ज्यांना दवाखाना जास्त लागतो ती.

2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा पैसा आला, आशा सेविका आल्या, आणि अकरा महिन्यांच्या ऑर्डरीही आल्या. अकरा महिने नोकरी, मग खंड, मग नवी ऑर्डर. अशा ऑर्डरींवर पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्या परिचारिका आहेत.

आता ‘खासगीकरण’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ त्यातच आहे. शासन तो शब्द कधीच वापरत नाही. शासन निर्णयात शब्द असतो ‘बाह्ययंत्रणेद्वारे’, म्हणजे काम बाहेरच्या ठेकेदाराकडून, नाहीतर ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’. 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका आली. गाडीवर शासनाचं बोधचिन्ह, आतला चालक आणि डॉक्टर ठेकेदार कंपनीचे, बिल सरकारचं. रुग्णाला पैसे पडत नाहीत, तर याला खासगीकरण म्हणायचं का? रक्ताचे नमुने आरोग्य केंद्रातून उचलून नेऊन मोबाईलवर रिपोर्ट पाठवणारी यंत्रणाही ‘बाह्य’च, पण ती केंद्र सरकारच्याच मालकीची कंपनी. तिच्यातला सरकारी हिस्सा विकण्याचा प्रस्तावही मध्यंतरी येऊन गेला. म्हणजे सरकारने बाहेर दिलेलं काम सरकारकडेच, आणि ते सरकारही विकायच्या तयारीत होतं. शब्दावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक एकाच वेळी बरोबर ठरतात ते असे.

एका ग्रामीण रुग्णालयातली सोनोग्राफीची खोली मी पाहिली आहे. मशीन होतं, त्यावर कापडी कव्हर, कव्हरवर बुरशीचे काळे ठिपके. रेडिओलॉजिस्टचं पद मंजूर, माणूस नाही. गरोदर बायका बाजारपेठेतल्या खासगी सेंटरला जात होत्या. हे कुठल्या शासन निर्णयाने झालं? कुठल्याच नाही. माझ्या मते कोकणात खासगीकरण झालं ते बहुतेक असंच, जागा भरायची राहून.

1 जानेवारी 2018 पासून बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, आणि इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडलं. गोव्याची बाजू सरळ होती. खाटा मर्यादित, कर गोंयकारांचा, आणि बाहेरच्या रुग्णांचा भार वाढता. इकडचं म्हणणंही तितकंच खरं. पिढ्यान् पिढ्यांचं रोटी-बेटीचं नातं, तिळारी धरणाचं पाणी दोघांचं, आमची पोरं तुमच्या कारखान्यांत राबतात. दोडामार्गात आंदोलन पेटलं. माकडतापाने हा तालुका आणि बांदा परिसर नुकताच पोळला होता, नमुने तपासायला कर्नाटकात मणिपालला पाठवावे लागत होते. राग गोव्यावर निघाला, पण गोव्याने आपल्या हिशेबात चूक केली असं मला वाटत नाही. चूक होती ती शेजाऱ्याच्या दवाखान्यावर आपलं आरोग्य खातं चालवण्यात. तोडगा म्हणून बोलणी झाली तीही आपल्या राज्याच्या मोफत उपचार योजनेचं कार्ड बांबोळीत चालवण्याची, म्हणजे पैसा पुन्हा घाटावर नाहीतर सीमेपलीकडेच.

ही कार्डाची योजना 2012 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात रायगड होता. दीड लाखाचं कवच पुढे पाच लाखांचं झालं. पण कार्ड चालायला यादीतलं रुग्णालय जवळ लागतं.

दरम्यान 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना 2020 पर्यंत अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करायला सांगितलं होतं. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही गेला नाही. जानेवारी 2020 मध्ये दिल्लीतून, नीती आयोगाकडून, आदर्श कराराचा मसुदा आला: जिल्हा रुग्णालय खासगी वैद्यकीय महाविद्यालयाला 60 वर्षांसाठी, काही खाटा मोफत, उरलेल्या बाजारभावाने. लोकांच्या मनातली भीती तिथून पक्की झाली.

कोकणात प्रत्यक्षात वेगळं घडलं. 2021-22 मध्ये अलिबाग आणि सिंधुदुर्गनगरीला, 2023-24 मध्ये रत्नागिरीला सरकारीच वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. जिल्हा रुग्णालयं त्यांना जोडली गेली, म्हणजे आरोग्य खात्याकडून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे वळली. 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसह सगळं मोफत झालं ते आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. वैद्यकीय शिक्षण विभाग त्या निर्णयात नव्हता. खिडकीवर उभ्या माणसाला हा फरक कोण समजावणार, हा प्रश्न खिडकीतल्या कंत्राटी मुलीवर सोडलेला आहे.