पायवाट वळवता येते, भ्रमणमार्ग वळवता येत नाही

जंगलाच्या कडेला कुंपण उभं राहतं, शेजारच्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट बंद होते, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "बरं झालं, आता जनावरं तरी मोकळी फिरतील." दुसरीकडे एखाद्या प्रकल्पाच्या आराखड्यात वीस-पंचवीस फुटांची हिरवी पट्टी रंगवतात, तिला ‘वन्यजीव कॉरिडॉर’ म्हणतात आणि बैठक समाधानाने उठते. दोन्हीकडे घोळ एकच. माणसाची पायवाट आणि प्राण्यांचा भ्रमणमार्ग एकाच मापाने मोजले जातात. हे इतक्या वेळा ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं.

पायवाटेबद्दल फार सांगायला नको, ती आपण सगळेच चालत आलोय. गाव नकाशात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. शेतावर जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि ही मुदत फार लोक हातची घालवतात. राखीव वनातल्या वाटेला भारतीय वन अधिनियम, 1927 चं कलम 25 लागू होतं. वन अधिकाऱ्याला राज्य शासनाच्या मंजुरीने वाट बंद करता येते, पण सोयीची पर्यायी वाट आधीच असेल किंवा करून दिली तरच. ‘राखीव वन आहे, सबब वाट संपली’ असं तोंडी सांगून भागत नाही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात प्रवेशाचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते 1972 च्या वन्यजीव कायद्यात बघावेत.

कायदा इथे पर्यायी वाट मान्य करतो, कारण माणसाचं तिने भागतं. तो फलक वाचतो, कोणाला तरी विचारतो, दोन शिव्या घालतो आणि वळसा घालून पोचतो. प्राण्याचं तसं होत नाही. सगळा गोंधळ या एकाच मुद्द्यावर आहे, म्हणून पुढचं जरा सावकाश वाचा.

भ्रमणमार्गाला रुंदीची आखलेली रेषा नसते, तो जमिनीचा पट्टा असतो. एका रात्रीच्या चालीत जिथे दडायला झाडोरा आहे, प्यायला पाणी आहे आणि पुरेसा अंधार आहे, अशा जागा एकीला लागून एक आल्या की तो तयार होतो. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा तो 1,300 किलोमीटरहून अधिक चालला होता. मध्ये तेलंगणातही जाऊन आला. त्याच्या मार्गाचा मोठा भाग शेतांतून, ओढ्याकाठाने, रस्ते ओलांडत गेला. दिवसा दडायचं, रात्री चालायचं. यातलं काहीही कोणत्या नकाशावर ‘वाट’ म्हणून नोंदलेलं नव्हतं. नोंद नाही म्हणजे मार्ग नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हाच वाघ दाखवतो.

असा पट्टा मध्येच बंद केला तर काय होतं? डोंगराच्या पायथ्याशी तारेची जाळी घातलेली जागा जवळून बघा. साळिंदर खालून उकरून जातं. बिबट्या झाड किंवा भिंत बघून उडी मारतो. भेकराला यातलं काहीच जमत नाही. ते जाळीच्या कडेकडेने चालू लागतं, आणि थोड्याच दिवसांत तिथल्या गवतात एक बारीक पाऊलवाट पडलेली दिसते. ही पाऊलवाट कुठे संपते ते शोधा. बहुतेक वेळा जाळी डांबरी रस्त्याला भिडते तिथे. आधी अर्ध्या किलोमीटरभर रुंदीत विखरून ओलांडणारी जनावरं आता त्या एका टोकाला, वळणावर, गाड्यांच्या प्रकाशात बाहेर पडतात. मेलेली जनावरं रस्त्याच्या नेमक्या त्याच तुकड्यावर का सापडतात, याचं उत्तर बऱ्याचदा जाळीच्या टोकाशी असतं. माणसाला वळसा म्हणजे उशीर. भेकराला वळसा म्हणजे ट्रक. ‘पर्यायी मार्ग दिला आहे’ हे वाक्य पर्यावरणाच्या अहवालातून आधी हद्दपार करायला हवं.

आणखी एक गोष्ट याला जोडूनच येते. भ्रमणमार्ग सरासरीने मोजायचा नसतो. दहा किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद पट्टा असेल, पण एका जागी तो महामार्गाखालच्या मोरीएवढा उरला असेल, तर सगळ्या पट्ट्याची किंमत त्या मोरीवर ठरते. तिची उंची किती, आत पाणी तुंबतं का, तोंडाशी राडारोडा टाकलाय का, वर दिवे आहेत का, हे प्रश्न तिथे झाडांच्या संख्येपेक्षा मोठे आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल आहेत. रुंदी 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्यांच्याखालून जाणारे वाघही टिपले गेले. ही मापं बघा आणि मग आराखड्यातली ती हिरवी पट्टी बघा, जिच्यात वर विजेचे दिवे आणि बसायला बाकडीही असतात. तिला बाग म्हणा, माझी हरकत नाही.

मग पायवाट भ्रमणमार्गाची शत्रू आहे का? नाही. बिबट्या, तरस, रानमांजर रात्री आपल्याच पायवाटांनी चालतात; म्हणून तर प्राणी टिपायचे कॅमेरे पायवाटांच्या कडेला लावतात. दिवसा जळण-पाण्याला जाणारी माणसं आणि रात्री फिरणारा बिबट्या एकच मातीची वाट वेळ वाटून वापरतात. त्यात मोडता घालतात ते दिवे, मोकाट कुत्री आणि कुंपण. माझं मत पक्कं आहे. वाट मातीचीच ठेवा, सूर्यास्तानंतर फिरायला बंदी घाला, दिवे लावू नका, कुत्री सोडू नका. विणीच्या काळात एखादा तुकडा महिना-दोन महिने बंद ठेवला तरी चालेल. ‘निसर्ग पायवाट’ म्हणून पेव्हर ब्लॉक आणि रंगीत फोकस बसवणाऱ्यांनी दोन्ही वाटांचं नुकसान केलंय.

पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी गावची वाट, मात्र या सगळ्याला सुंदर अपवाद आहे. दोन्ही बाजूंना निवडुंग, घायपात, करवंदीची दाट कुपाटी असलेली जुनी पाणंद म्हणजे माणसांची वाट आणि कुपाटीतून ससा, मुंगूस, घोरपड, तितर यांचा भ्रमणमार्ग, दोन्ही एकाच जागी. पाणंद रस्ता मजबूत करताना जेसीबी दोन्ही बाजू साफ करतो, तेव्हा रस्ता सुधारतो आणि मार्ग मरतो. एका बाजूची तरी कुपाटी राखा, एवढं गावाच्या ठरावात लिहून घेता येतं.

कायद्याचा आधार दोन्हींना सारखा नाही. पायवाटेला नकाशा, वहिवाट, तहसीलदार आहेत. व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या क्षेत्रासाठी वन्यजीव कायद्याचं कलम 38-ओ आहे. दोन संरक्षित क्षेत्रं जोडणारी शासकीय जमीन कलम 36-अ खाली, स्थानिकांशी सल्लामसलत करून, संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करता येते. सिंधुदुर्गात दोडामार्गातलं तिलारी 2020 मध्ये असंच जाहीर झालं, 29.53 चौरस किलोमीटर. पण भ्रमणमार्गाचा बराचसा भाग लोकांच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असतो, आणि तिथे यातलं फारसं पोचत नाही. तिथे कामं वेगळी आहेत. बिबट्याच्या टापूत, तो आत पडू नये म्हणून, कठडा नसलेल्या विहिरींना कठडे बांधणं हे माझ्या मते चार किलोमीटर जाळीपेक्षा मोठं काम आहे. कुंपणात थेट वीज सोडणाऱ्याला गावाने रोखणं हे दुसरं. आणि ज्या ग्रामसभांना 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेत, त्यांना कलम 5 खाली वन्यजीव राखण्याचे अधिकारही आहेत. ते वापरणाऱ्या ग्रामसभा वाढायला हव्यात.

तुमच्या जंगलाशेजारी कुंपणाचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव आला तर एकाच अर्जात दोन्ही मागण्या कोंबू नका. अधिकारी पायवाटेला पर्याय देतात आणि अर्ज निकाली काढतात. पायवाटेसाठी वेगळा अर्ज करा: गाव नकाशाची प्रत, वापरणाऱ्यांची निवेदनं, लागू असेल तर वन अधिनियमाचं कलम 25. भ्रमणमार्गासाठी दुसरा: कुंपण नेमकं कुठे संपतं, मोरीची उंची-रुंदी किती, दिवे कुठे येणार, आणि ओढ्याच्या ओल्या वाळूतल्या ठशांचे शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो, तारीख आणि जागेसह.