कमरेच्या दुखापतीला भरपाई नाही, हा समज खरा नाही

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर-लांजा भागात जांभ्या दगडाच्या चिरेखाणींवर आजही ऐकू येते, की हात किंवा पाय तुटला तरच भरपाई मिळते, कमरेला काही मिळत नाही. या समजाचे मूळ कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली, पण त्यातील मुख्य नियम तिच्यातही आहेत. जुन्या कायद्याच्या त्या अनुसूचीत बोटे, हात, पाय, डोळे यांच्या हानीची टक्केवारी होती, सरकलेल्या मणक्याची नव्हती. परंतु त्याच कायद्याच्या कलम ४ नुसार, अनुसूचीबाहेरील दुखापतीने कमाईची क्षमता कायमची किती टक्के घटली हे पात्र डॉक्टरने ठरवायचे असते आणि भरपाई त्या प्रमाणात द्यावी लागते. म्हणूनच ‘मणक्याची गादी सरकली’ एवढेच सांगणारा एमआरआय अहवाल पुरत नाही. ट्रकमध्ये चिरे चढवणाऱ्याला आता वाकून वजन उचलता येते का, हे डॉक्टरच्या दाखल्यात स्पष्ट आले पाहिजे. कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या सुताराची कमाईक्षमता पूर्णपणे गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मानले, ते त्याचा व्यवसाय पाहूनच.

मालक अपिलात गेला म्हणजे पैसे बुडाले, या भीतीने कामगार तुटपुंज्या रकमेवर तडजोड करतात, हे फार क्लेशदायक आहे. १९२३ च्या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे अपील ६० दिवसांत आणि कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच करता येते, शिवाय भरपाईच्या आदेशाविरुद्ध जाणाऱ्या मालकाला ती रक्कम आधी भरपाईचे दावे ठरवणाऱ्या आयुक्तांकडे (नव्या संहितेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे) जमा करावी लागते. निकालापर्यंत ती रोखून धरली जाऊ शकते हे खरे, पण तोवर ती मालकाच्या हातातून गेलेली असते.