नायलच्या नावाने: आयरिश आडनावं आणि वाय गुणसूत्राच्या चाचण्या

वायव्य आयर्लंडातून अमेरिकेत गेलेल्या घराण्यातला एखादा गॅलहर, बॉइल किंवा डॉहर्टी वाय गुणसूत्राची चाचणी करून घेतो, तेव्हा अहवालात बऱ्याचदा एम२२२ हा गट येतो, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या एका ठरावीक बदलावरून ओळखली जाणारी, एका समान पुरुष पूर्वजाकडे जाणारी शाखा. गटाचं नाव कोरडं, पण त्याला चिकटलेलं नाव तसं नाही: ‘नऊ ओलिसांचा नायल’, पाचव्या शतकाच्या आसपासचा, अर्धा इतिहासातला आणि अर्धा दंतकथेतला राजा. एका कथेप्रमाणे आयर्लंडच्या पाच प्रांतांतून पाच आणि स्कॉट, ब्रिटन, सॅक्सन, फ्रँक यांच्याकडून एकेक असे नऊ ओलीस त्याच्या ताब्यात होते. हे नाव या गटाला कसं चिकटलं आणि ते आजही सुटत का नाही, यात या चाचण्यांचा बराचसा इतिहास येऊन जातो.

वडिलांकडून मुलाकडे आडनाव जातं आणि वाय गुणसूत्रही जातं, त्यामुळे दोन्हींची सांगड घालता येते, हे उघड आहे. आयर्लंडचं वेगळेपण आडनावांच्या वयात आहे. वंशपरंपरेने चालणारी आडनावं तिथे दहाव्या शतकापासून दिसतात. ओ'क्लेरी घराण्याच्या एका सरदाराच्या मृत्यूची ९१६ सालची नोंद त्यांतली सर्वांत जुनी म्हणून नेहमी दाखवली जाते. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ओ'ब्रायन म्हणजे १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरूचे वंशज. आपल्याकडचं ‘कर’ गाव सांगतं, तिथलं ‘ओ’ पूर्वज सांगतं. (आयर्लंडच्या पंतप्रधानपदावर २०१७ मध्ये वराडकर आले. मालवण तालुक्यातलं वराड आता तिथल्या मतदारयादीत आहे. हजार वर्षांनी एखादा आयरिश वराडकर चाचणी करेल तेव्हा त्याचा अहवाल वाचणाऱ्याची काय गंमत होईल, ती होवो.)

आडनाव पूर्वज सांगतं खरं, पण मधल्या काळात ते पुसलं गेलं, वाकवलं गेलं. इंग्रजी अमलाखालच्या पूर्व पट्ट्यातल्या आयरिश लोकांनी गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं इंग्रजी आडनाव घ्यावं, असा कायदा १४६५ मध्ये झाला. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत ‘ओ’ आणि ‘मॅक’ मोठ्या प्रमाणावर गळून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषेचं पुनरुज्जीवन सुरू झालं तेव्हा काहींनी ते परत लावले, काहींनी नाही. मॅक गावन म्हणजे लोहाराचा मुलगा. त्याचं कुठे मॅकगोवन झालं, तर कॅव्हन परगण्यात थेट भाषांतर होऊन स्मिथ झालं. उलट, मुळात वेगळी असलेली दोन-तीन गेलिक आडनावं इंग्रज कारकुनाच्या कानाला सारखी लागली आणि एकाच स्पेलिंगमध्ये कोंबली गेली.

कागद असते तर हे गुंते सुटले असते. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे मूळ तक्ते सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. त्याआधीच्या चार जनगणनांचे बहुतेक कागद १९२२ मध्ये यादवीत डब्लिनचा दप्तरखाना जळाला तेव्हा गेले. पूर्ण म्हणता येतील अशा सर्वांत जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या. दुष्काळात, म्हणजे १८४५ ते १८५२ या काळात, सुमारे दहा लाख माणसं देश सोडून गेली. त्यांच्या पणतवंडांच्या हाती बहुतेक वेळा एक आडनाव आणि फार तर एका परगण्याचं नाव एवढंच उरतं. चाचणी विकणाऱ्यांना याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणं कठीण होतं.

२००० साली तीन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या एका आडनावाचा वाय गुणसूत्रावरून अभ्यास प्रसिद्ध झाला. टेक्सासमधल्या एका कंपनीने वंशावळी शोधणाऱ्या सामान्य लोकांना घरबसल्या चाचणी विकायला सुरुवात केली. आणि डब्लिनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी आयरिश पुरुषांचे नमुने त्यांच्या आडनावांच्या मुळानुसार वेगळे काढून तपासले: गेलिक, स्कॉटिश, नॉर्मन, इंग्रजी असे. पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांतात गेलिक आडनावाचे जवळजवळ सगळे पुरुष एकाच मोठ्या गटातले निघाले (एम२२२ ही त्याचीच एक धाकटी फांदी), आणि पूर्वेकडे जावं तसं हे प्रमाण उतरत गेलं. आडनाव ही नुसती खूण नाही, नमुने गाळायची चाळणी म्हणून ती उपयोगी पडते, हे या अभ्यासाने दाखवलं.

त्या अभ्यासाने काढलेला दुसरा निष्कर्ष मात्र टिकला नाही. हा गट शेती येण्याआधीच्या शिकारी लोकांचा वारसा आहे, असं तेव्हा मांडलं गेलं होतं. २००६ मध्ये रॅथलिन बेटावर एका पबच्या मागे जमीन साफ करताना सांगाडे सापडले. त्यांतल्या तीन पुरुषांची जनुकं पुढे वाचली गेली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कांस्ययुगातल्या या माणसांत तोच गट होता, आणि त्यांच्या वंशाचा मोठा भाग युरोपच्या पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशाकडे जात होता. गट शिकाऱ्यांचा नव्हता, नंतर आलेल्यांचा होता.

आता नायल. २००६ च्या सुरुवातीला त्याच डब्लिनच्या संशोधकांकडून दुसरा निबंध आला. वाय गुणसूत्रावरच्या १७ जागा मोजल्या (प्रत्येक जागी एक छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो ते मोजतात) तेव्हा एक ठरावीक नमुना, पुढे एम२२२ म्हणून ओळखला गेलेला, वायव्येत पुन्हा पुन्हा दिसत होता: तिथे पाचांत एक पुरुष, देशभरात साधारण बारांत एक. मग ज्या आडनावांची घराणी स्वतःला ‘ई नेल’ या राजघराण्याची म्हणवतात ती निवडून तपासली, आणि त्यांत हा नमुना इतरांपेक्षा ठळकपणे जास्त निघाला. निबंधाने नायलला पुराव्याने सिद्ध केलं नव्हतं. नमुन्याचा उगम आणि राजघराण्याची परंपरा एकमेकांना पूरक दिसतात, त्यामुळे जुन्या वंशावळींत तथ्य असावं, असं त्याचं म्हणणं होतं. पण तीनच वर्षांपूर्वी, आशियातल्या असंख्य पुरुषांचं वाय गुणसूत्र चंगीझ खानाच्या घराण्याकडे जातं, ही बातमी जगभर गाजली होती. वर्तमानपत्रांकडे साचा तयार होता, त्यात फक्त राजा बदलायचा होता. तीस लाख पुरुष एका आयरिश राजाचे वंशज, असे मथळे आले. कंपन्यांनी नायलचं नाव लगोलग अहवालांना जोडलं. अमेरिकेत हजारो माणसांना त्या वर्षी पूर्वज म्हणून राजा मिळाला.

निबंधातला एक आकडा मथळ्यांत कुठेच नव्हता. समान पूर्वज किती मागे, याचा अंदाज १,७३० वर्षं असा दिला होता, आणि त्याच्या मागे-पुढे ६७० वर्षांची सूट होती. म्हणजे हा माणूस इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत कधीही होऊन गेलेला असू शकतो. नायल त्या चौकटीत बसतो. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तेराशे वर्षांतला कुणीही बसतो.

दुसरी अडचण वंशावळींतच होती. कॉनॉटचे ओ'कॉनर, ब्रेफ्नेचे ओ'रूर्क आणि ओ'रायली हे परंपरेनुसार नायलचे वंशज नाहीतच, ते त्याच्या सावत्र भावाचे. त्यांच्यातही एम२२२ मिळतो. तेव्हा परंपरा अक्षरशः खरी धरली तरी मूळ पुरुष नायलचा बाप किंवा त्याच्याही वरचा कुणी असायला हवा. शिवाय स्कॉटलंडच्या पश्चिम आणि मध्य भागातही हा गट चांगलाच आहे, आणि तो तिथे आयर्लंडातून गेला की दोन्हीकडे आधीपासून होता, यावर अजून तट पडलेले आहेत.

तिसरी अडचण नावाची, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे. ‘ई’ हे ‘ओ’चं अनेकवचन. ‘ई नेल’ म्हणजे नायलचे वंशज, हे शतकानुशतकं चाललेल्या राजघराण्याचं नाव. ‘ओ'नील’ म्हणजेही नायलचा वंशज, पण हा नायल वेगळा: ९१९ मध्ये डब्लिनजवळ व्हायकिंगांशी लढताना मेलेला. दोघांमध्ये साडेचारशे-पाचशे वर्षं आहेत. पहिलं कुळाचं नाव, दुसरं आडनाव. इंग्रजीत दोन्ही जवळजवळ सारखीच वाचली जातात, त्यामुळे ओ'नील आडनावाचा माणूस आपण आपोआप नायलच्या पोटचे असं धरून चाचणी करतो. आणि चाचणी केलेल्या ओ'नीलांपैकी बहुतेकांकडे एम२२२ नसतो! ज्यांच्या नावात नायल आहे त्यांच्याकडेच नायलचा म्हणून विकला जाणारा गट नाही, हे कळल्यावर काहींनी कंपनीला दोष दिला, काहींनी पणजीला.

पणजीला दोष देण्याआधी सोळाव्या शतकातली एक हकिकत पाहावी. टिरोनचा ओ'नील प्रमुख कॉन बाकाख याच्यापुढे डंडॉकच्या एका बाईने आपला सोळा-एक वर्षांचा मुलगा उभा केला. तोवर तो केली नावाच्या लोहाराचा मुलगा म्हणून वाढला होता. हा तुझा, असं ती म्हणाली आणि कॉनने मान्य केलं. १५४२ मध्ये कॉन इंग्रजांकडून अर्ल झाला तेव्हा याच मुलाला, मॅथ्यूला, बॅरन करून वारस ठरवलं गेलं. कॉनचा दुसरा मुलगा शेन याने ते कधीच मानलं नाही. लोहाराचं पोर म्हणून तो भावाला हिणवत राहिला. बापाबद्दल तो म्हणायचा की, गळ्यात घातलेलं मूल त्याने कधी नाकारलं नाही. १५५८ मध्ये शेनच्या माणसांनी मॅथ्यूला मारलं. मॅथ्यूचा मुलगा ह्यू पुढे टिरोनचा अर्ल झाला आणि इंग्रजांविरुद्धच्या नऊ वर्षांच्या युद्धाचा नेता म्हणून इतिहासात गेला.

मॅथ्यू कुणाचा होता हे मला इथे महत्त्वाचं वाटत नाही. गेलिक कायद्यात आईने नाव घ्यावं आणि बापाने हो म्हणावं, एवढ्यावर मूल कुळात येत होतं, हे महत्त्वाचं. लग्नाची अट त्यात नव्हती. १४२३ मध्ये वारलेल्या टर्लो ओ'डॉनेलला दहा बायकांपासून अठरा मुलगे आणि त्यांच्यापासून एकोणसाठ नातू होते. एका घराण्याचं गुणसूत्र प्रदेशभर का पसरतं ते या आकड्यांवरून कळतं. त्याच कायद्याने परक्याचं गुणसूत्रही त्याच आडनावाखाली सन्मानाने येत होतं. शिवाय सरदाराच्या आश्रयाला असलेली कुळं त्याचं आडनाव लावत, पोसायला दिलेली मुलं होती, आईचं आडनाव लावणारे होते. चाचण्यांच्या परिभाषेत या सगळ्याला मिळून ‘नॉन-पॅटर्निटी इव्हेंट’, म्हणजे बाप दुसराच असल्याची घटना, म्हणतात, जणू प्रत्येक वेळी घरात काही लफडंच झालं होतं. इतका वाईट शब्द या क्षेत्रात दुसरा नाही.

त्याच २००६ सालात एक अभ्यास आला, त्याला मथळे मिळाले नाहीत. मिळायला हवे होते. ४३ आडनावांचे १,१२५ पुरुष त्यात तपासले होते. सारख्या आडनावाच्या दोघांचा नमुना तंतोतंत जुळण्याची शक्यता एरवीपेक्षा सरासरी तीसपट निघाली. ओ'सलिव्हन आणि रायन यांच्यात एकच मुख्य मूळपुरुष दिसला. मर्फी आणि केली यांच्यात अनेक, कारण ही आडनावं वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मली आणि म्हणूनच आज इतकी जास्त आहेत. एकाही आडनावात एका मूळपुरुषाचा धागा साधारण निम्म्याहून जास्त लोकांत टिकलेला नव्हता. हिशेब करून पाहिला तर यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पिढीला शंभरात दोघांच्या बाबतीत आडनाव आणि गुणसूत्राची फारकत झाली असं धरलं, तरी तीस पिढ्यांनी मूळ धागा निम्म्याहून थोड्या जास्त लोकांतच उरतो.

नंतरच्या कामात चित्र आणखी विस्कटलं. दक्षिणेच्या मन्स्टर प्रांतातल्या राजघराण्यांत वायव्येसारखा एक ठळक ठसा मिळाला नाही. नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, मूळ मानल्या जाणाऱ्या आडनावांत नॉर्स वाय गुणसूत्रं जवळजवळ दिसलीच नाहीत. मात्र २०१७ मध्ये, ज्यांचे सगळे पणजोबा-पणज्या एकाच टापूतले होते अशा लोकांची संपूर्ण जनुकं पाहिली तेव्हा नॉर्वेकडचा अंश दिसला. त्या अभ्यासात दहा गट निघाले, सात गेलिक आणि तीन आयरिश-ब्रिटिश मिश्र, आणि ते बऱ्याच अंशी जुन्या प्रांतांच्या सीमांना धरून होते. एक वाय गुणसूत्र म्हणजे शेकडो पूर्वजांपैकी एकाच रांगेतला बाप, ही मर्यादा त्यातून स्पष्ट दिसते.

कागदांचीही अब्रू मधल्या काळात फार राहिली नव्हती. ‘घराण्याचा प्रमुख’ म्हणून काही माणसांना आयरिश सरकार सौजन्य म्हणून मान्यता देत असे. बनावट वंशावळीवर अशी मान्यता मिळवल्याचं एक प्रकरण १९९९ मध्ये उघडकीला आलं आणि २००३ मध्ये ही पद्धतच बंद झाली. अशा वेळी प्रयोगशाळेचा अहवाल जास्त खरा वाटू लागला तर नवल नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत ३७ किंवा ६७ जागा मोजणाऱ्या चाचण्यांची जागा वाय गुणसूत्राचा मोठा भाग अक्षर-अक्षर वाचणाऱ्या चाचण्यांनी घेतली आहे. एम२२२ च्या खाली आता शेकडो फांद्या आहेत आणि त्यांतल्या काही आडनावं रूढ झाली त्या काळाच्या आसपास फुटलेल्या आहेत. हे वर्गीकरणाचं काम बरंचसं बिनपगारी हौशी मंडळी करतात. एकेका आडनावाचा गट सांभाळायचा, कुणाचा आजोबा कुठल्या गावचा ते विचारायचं, फांद्या लावायच्या. राजाचं नाव त्यांच्या तक्त्यांत क्वचितच असतं. अमेरिकेतला एखादा स्मिथ, इंग्लंडचाच असं पिढ्यानपिढ्या समजणारा, तिथे येतो, त्याचा नमुना कॅव्हनच्या चार मॅकगोवनांशी जुळतो, आणि गट सांभाळणारा त्याला त्यांच्या रांगेत नेऊन बसवतो.