शेतकरी व्हॉट्सॲप गट (ग्रामीण विदर्भ)

एखादे गाव, पीक किंवा बाजारपेठ यांभोवती जमलेल्या शेतकऱ्यांचे, व्हॉट्सॲपवरून चालणारे अनौपचारिक मंडळ. बोलण्यात ‘ग्रुप’ व चालकासाठी ‘ॲडमिन’ हेच शब्द रूढ आहेत. कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा यांचे भाव, खेडा खरेदी, पाऊस आणि फवारणी हे नेहमीचे विषय.

उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ही परंपरा तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) श्रीगुरुदेव सेवा मंडळाशी जोडता येते. सामुदायिक प्रार्थनेतून गाव संघटित करण्यावर त्यांचा भर होता. दुसरे मत मेंढा (लेखा) (जि. गडचिरोली) येथील ग्रामसभेच्या अभ्यासगटांकडे बोट दाखवते. तिसऱ्या मताने किसान कॉल सेंटर (२००४) व त्यानंतरचे सरकारी एसएमएस सल्ले हे खरे पूर्वरूप होत. यांपैकी तिसरे अधिक ग्राह्य वाटते. मेंढा (लेखा) येथे निर्णय सर्वसहमतीने होतो. ग्रुपवरचे मौन म्हणजे होकार की संदेश न वाचणे, हे ठरवता येत नाही. गटात सल्ला फिरतो, ठराव क्वचितच होतो.

व्हॉट्सॲप २००९ मध्ये निघाले. तथापि खेड्यांतील प्रसार मुख्यतः सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची स्वस्त डेटासेवा सुरू झाल्यानंतरचा असावा. सदस्यमर्यादा २०१४ च्या अखेरीस १००, २०१६ मध्ये २५६, तर २०२२ मध्ये आधी ५१२ व नंतर १०२४ झाली. एकाच नावापुढे १, २, ३ असे आकडे लावलेले गट बहुधा जुन्या मर्यादेचे अवशेष होत. जून २०१८ मध्ये ‘फक्त ॲडमिन’ (केवळ ॲडमिनलाच संदेश टाकता येणे) ही सोय आली आणि चावडीची दवंडी झाली. १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा (जि. धुळे, विदर्भाबाहेर) येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. अशा अफवाबळींनंतर त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली.

ॲडमिनच्या दायित्वाचा प्रश्न विदर्भातूनच न्यायालयात गेला. गोंदिया जिल्ह्यातील एका गटात सदस्याने महिला सदस्याविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकला व ॲडमिनने त्याला काढले नाही, म्हणून २०१६ मध्ये ॲडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिन जबाबदार नाही. मजकूर आधी तपासून अडवणे त्याच्या हाती नसते, असा निर्णयाचा आशय आहे. गावातली अपेक्षा मात्र उलट असते. खोटा भाव टिकू दिला, की ॲडमिनची पत जाते. त्याचे वजन पोस्ट टाकण्यापेक्षा काय काढून टाकतो, यावर अधिक ठरते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. डोमकळीचा (न उमलता गुंडाळून राहिलेल्या कपाशीच्या फुलाचा) फोटो टाकून ‘हे अळीच का?’ असे विचारणे आता सरावाचे झाले आहे. पंप पाठीवर घेणारा मजूर मात्र सहसा या गटांत नसतो.

गडचिरोली व मेळघाटातील गोंडी, माडिया, कोरकू भाषकांच्या गटांविषयी माहिती त्रोटक आहे. महिला बचत गटांच्या ग्रुपांविषयीही तसेच. मेळघाटातील हरिसाल हे २०१६ च्या सुमारास ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. तो प्रकल्प शासन व मायक्रोसॉफ्टचा असल्याने प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेर आहे.