समवयस्काला विचारलेला प्रश्न

लैंगिक आरोग्याविषयीचा प्रश्न किशोरवयीन मूल अनेकदा आधी आपल्याच वयाच्या कोणाला तरी विचारते, आणि ज्याला विचारले जाते त्यालाही बहुधा तितकेच कमी ठाऊक असते. युवकांनी युवकांसाठी चालवलेल्या लैंगिक आरोग्य शिक्षणाचा उगम याच साध्या निरीक्षणात आहे. प्रश्न जिथे आपसूक जातो तिथेच नेमके उत्तर ठेवावे, ही कल्पना आकर्षक आहे. तिच्याविषयीचा पुरावा मात्र उत्साही कार्यकर्त्यांना वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे.

समवयस्कांचा प्रभाव किती असतो, हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसते. संगणकावर गाडी चालवण्याच्या खेळात मित्र सोबत असताना किशोरांनी एकट्याने खेळण्यापेक्षा बराच अधिक धोका पत्करला. प्रौढांच्या वागण्यात तसा फरक पडला नाही. जो प्रभाव धोक्याकडे ओढतो तोच सावधपणाकडेही वळवता येईल, असा तर्क त्यावरून मांडता येतो. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

इंग्लंडमधील 27 शाळांत 8,000 हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेली एक मोठी चाचणी येथे उपयोगी पडते. तिचे पहिले निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत सोळा-सतरा वर्षांच्या प्रशिक्षित विद्यार्थ्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना लैंगिकता शिक्षण दिले, तर उरलेल्या शाळांत ते नेहमीप्रमाणे शिक्षकांनी दिले. विद्यार्थ्यांना मोठ्या मुलांचे तास अधिक आवडले. सोळाव्या वर्षापर्यंत शरीरसंबंध आल्याचे सांगणाऱ्या मुलींचे प्रमाण या गटात सुमारे 35 टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे 41 टक्के होते. मात्र पहिल्या संबंधाच्या वेळी गर्भनिरोधक न वापरण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही आणि मुली वीस वर्षांच्या होईपर्यंतच्या गर्भपातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तिथेही तो आढळला नाही. वेंकटरमण चंद्रमौली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अशा कार्यक्रमांचा आढावा घेतला, तेव्हा समवयस्क शिक्षणाने माहिती पोहोचत असली तरी केवळ त्याने वागणूक फारशी बदलत नाही आणि सर्वाधिक लाभ बहुधा शिकवणाऱ्या युवकांनाच होतो, असे त्यांनी नोंदवले. माझ्या मते हा निष्कर्ष निराशाजनक नाही. युवकांनी डॉक्टर किंवा शिक्षक यांची जागा घ्यावी ही अपेक्षाच चुकीची होती; विषय उघडणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे हे त्यांचे खरे काम, आणि ते लहान मुळीच नाही.

ते लहान का नाही, हे समजण्यासाठी संसर्गांचे स्वरूप पाहावे. क्लॅमिडिया, परमा, उपदंश आणि ट्रायकोमोनियासिस या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांचे 15 ते 49 या वयोगटात 2020 मध्ये सुमारे 37 कोटी 40 लाख नवे रुग्ण झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे दिवसाला दहा लाखांहून अधिक. यांपैकी क्लॅमिडियाची लक्षणे बहुतेकांना जाणवतच नाहीत, पण उपचारांविना तो स्त्रीच्या गर्भनलिकांपर्यंत पोहोचून वंध्यत्वाला कारण ठरू शकतो. म्हणून ‘त्रास झाला तर डॉक्टरकडे जा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी, हे कोणीतरी सांगावे लागते. काही बाबतींत तर घड्याळच निर्णायक असते. एचआयव्हीचा संभाव्य संपर्क आल्यावर प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत, आणि तीही जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करावी लागतात. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीचा परिणामही उशीर होईल तसा घटत जातो. घाबरलेला मुलगा किंवा मुलगी त्या वेळेत पालकांकडे जाईलच असे नाही, मैत्रिणीला किंवा मित्राला मात्र बहुधा विचारेल.

आता प्रश्न असा, की हा समवयस्क नेमका कोणाचा समवयस्क? वय सारखे असले तरी अनुभव सारखा असतोच असे नाही. सगळी उदाहरणे केवळ स्त्री-पुरुष जोडप्यांची असतील, तर समलैंगिक युवक ‘हे माझ्यासाठी नाही’ असा अर्थ काढतो, आणि त्यातून प्रत्यक्ष वैद्यकीय हानी होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हा विषाणू त्वचेच्या संपर्कानेही पसरतो. त्यामुळे केवळ स्त्रियांशीच संबंध असलेल्या स्त्रीलाही आणि गर्भाशयमुख असलेल्या पारलिंगी पुरुषालाही तपासणीची गरज असते. समलैंगिकता हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने 1990 मध्येच मान्य केले, आणि 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत पारलिंगी असण्याशी संबंधित नोंद मानसिक विकारांतून वगळून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या कराराने लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख केला; तरीही कर्णबधिर मुलांसाठी सांकेतिक भाषेत, किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी सोप्या शब्दांत, अवयवांची नावे आणि संमती शिकवणारे साहित्य आजही अपवादानेच हाती लागते. ते तयार करताना त्या युवकांनाच सोबत घेतले, तर निम्म्या चुका आधीच टळतात.

शिकवण्याचा सूरही महत्त्वाचा असतो. भीती घालणारे धडे विज्ञानाच्या मागे पडले आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचआयव्हीबाधित जोडीदाराच्या रक्तातील विषाणू उपचारांनी दबलेला असताना पुरुष-पुरुष अशा 782 जोडप्यांत कंडोमविना सुमारे 76,000 वेळा संबंध आले, आणि त्यांतून दुसऱ्या जोडीदाराला लागण झाल्याची एकही घटना आढळली नाही. उपचार घेणाऱ्या व्यक्तीविषयीची जुनी दहशत ज्याच्या बोलण्यातून अजून डोकावते, त्याने इतरांना शिकवण्याआधी स्वतः हे समजून घ्यावे.

युवकांवर टाकलेला भार मात्र अनेकदा नजरेआड होतो. गुप्ततेच्या भरवशावर कोणी अत्याचाराची हकिकत सांगितली, तर ती एकोणीस वर्षांच्या मुलीने एकटीने पेलावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. कोणत्या गोष्टी प्रशिक्षित प्रौढाकडे न्यायच्याच, हे आधी ठरलेले असावे, आणि सांगणाऱ्यालाही ते बोलणे सुरू होण्यापूर्वीच कळावे. ‘मला नक्की ठाऊक नाही, विचारून सांगते’ हे वाक्य प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवावे लागते. शिवाय समवयस्क फार काळ समवयस्क राहत नाहीत. दोन-तीन वर्षांत ते मोठे होतात, त्यामुळे नव्यांची निवड आणि प्रशिक्षण दर वर्षी नव्याने करावे लागते, आणि त्यासाठीचा खर्च पहिल्या वर्षीच अंदाजपत्रकात धरावा लागतो.