मैल नेमका कुठला, रस्त्यावरचा की समुद्रावरचा?

परवा भाचा सुट्टीला आलेला. आमचं घर सोलापूरला होटगी रोडकडं, विमानतळाजवळ, त्यामुळं गोव्याचं विमान उडालं की हा मोबाइल घेऊन गच्चीवर, आणि विमान दिसेनासं झालं तरी अॅपमध्ये त्याच्या मागावर. मग खाली येऊन सांगतो, "मामा, 270 चा स्पीड आहे, मैल म्हणजे 1.6 किलोमीटर, म्हणजे 432 झाले ना?" मी पण पेपर वाचता वाचता हो म्हणून टाकलं. नंतर बघितलं तर आकड्यापुढं नॉट लिहिलेलं, म्हणजे ताशी सागरी मैल. म्हणजे दोघंही चुकलो, खरं उत्तर 500 किलोमीटर.

घोळ असाय की मैल हा शब्द एक पण मैल दोन आहेत. रस्त्यावरचा साधा मैल 1.609 किलोमीटरचा, आणि जहाजं-विमानं वापरतात तो सागरी मैल, ज्याला नॉटिकल माइल म्हणतात, तो 1852 मीटरचा. फरक साधारण 15 टक्के, म्हणजे दुर्लक्ष करावं इतका छोटा नाहीच. (क्रेडिट कार्डवाले देतात ते माइल्स म्हणजे निव्वळ पॉइंट, त्यांनी कुठलंच अंतर मोजता येत नाही.)

साधा मैल आला माणसाच्या पायातनं. रोमन सैन्याची एक हजार दुहेरी पावलं म्हणजे एक मैल, डावा पाय टेकल्यापासनं परत डावा टेकेपर्यंत एक मोजायचं, आणि हजाराला लॅटिनमध्ये मिले म्हणतात त्यावरनंच नाव पडलं. तो रोमन मैल जरा लहान होता, 1.48 किलोमीटरच्या आसपास. कोजागरीला आपल्याकडनं तुळजापूरला चालत जातात ना, ते 45 किलोमीटर म्हणजे रोमन हिशोबानं 30 मैल, 60 हजार पावलं झाली, आणि चालून आलेल्या कुणाचाही मोबाइल बघा, आकडा तिथंच कुठंतरी असतो. आमचे आजोबा मात्र तुळजापूर 28 मैल सांगायचे, कारण त्यांचा मैल इंग्रजांचा.

इंग्रजांचा मैल 5280 फुटांचा, हा असला विचित्र आकडा का? तर रोमन मैल 5000 फुटांचा, पण इंग्लंडातली शेतं फर्लांगात मोजलेली, फर्लांग म्हणजे नांगराचं एक लांब तास, 660 फूट. आता फर्लांग बदलला तर सगळ्या जमिनींची कागदपत्रं बदलायची, आपल्याकडं सातबाऱ्याला हात लावल्यासारखंच! म्हणून 1593 मध्ये पार्लमेंटनं मैलच ताणला आणि आठ फर्लांगांचा केला. आठ गुणिले 660, झाले 5280. आपल्याकडं 1956 च्या कायद्यानंतर हळूहळू किलोमीटर आले आणि मैलाचा दगड तेवढा बोलण्यात उरला.

सागरी मैलाचा पायाशी काही संबंध नाही, तो पृथ्वीवरनं काढलाय, आणि मला विचाराल तर दोघांत हाच शहाणा. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग करायचे, घड्याळासारखी मिनिटं, आणि त्यातल्या एका मिनिटाचं जमिनीवरचं अंतर म्हणजे एक सागरी मैल. खलाशी नकाशावर दोन ठिकाणांमध्ये कंपासपेटीतल्यासारखं कर्कटक ठेवतो, तेच तसंच उचलून नकाशाच्या कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर लावतो, जितकी मिनिटं तितके मैल, गुणाकार-भागाकार काही नाही. पट्टी मात्र अक्षांशाचीच पाहिजे, रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडं जवळ जवळ येतात म्हणून तिथं हे चालत नाही. पृथ्वी पण ध्रुवांकडं जरा चपटी, त्यामुळं मिनिटाचं अंतर सगळीकडं सारखं भरत नाही, म्हणून 1929 मध्ये मोनॅकोच्या परिषदेत 1852 मीटर हा आकडा पक्का केला.

आणि नॉट म्हणजे दोरीची गाठ. ठराविक अंतरावर गाठी मारलेली दोरी लाकडाला बांधून जहाजामागं सोडायची, वाळूचं घड्याळ रिकामं होईस्तोवर हातातनं किती गाठी सुटल्या ते मोजायचं, तो स्पीड. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. त्यामुळं 'ताशी 30 नॉट' वाचलं की मला खटकतं, त्यात तास आधीच आलाय.

बातम्यांत घोळ होतो तो समुद्राच्या हद्दीत. भारताची हद्द किनाऱ्यापासनं 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर, आणि कुणीतरी साध्या मैलानं गुणून 19 लिहून टाकतं. 200 सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्राचं (जिथल्या मासळी-तेलावर त्या देशाचा हक्क असतो) तसं केलं तर 370 चे 322 होतात, जवळजवळ पन्नास किलोमीटर समुद्र गेला की!

हे सगळं सांगितल्यावर भाच्यानं ॲटलास काढला. सोलापूर 17 अंश 40 मिनिटांवर, सतरा साठे 1020, वर 40, म्हणजे विषुववृत्तापासनं आपण 1060 सागरी मैल. मग बोट वर सरकवून म्हणतो, "तुळजापूर जवळजवळ 18 वर आहे, म्हणजे उत्तरेला फक्त 20 मैल?" म्हटलं हो, आणि थोडं पूर्वेला. "मग यंदा मी पण चालत येणार." वीस काय अठ्ठावीस काय, घाटात कळेल बे तुला.